नॉमिनी: कनका

वेंकोबांच्या वडिलांनी आयुष्याची पुंजी तंजावरच्या एकाच निधीत, म्हणजे तिथल्या पतपेढीत ठेवली आणि तो निधी बुडाला. त्यानंतर ते रोज सकाळी आंघोळ करून, गंध लावून त्या बंद शटरसमोर जाऊन बसत. हे बसलेले वडील वेंकोबांच्या मानगुटीवरून कधी उतरलेच नाहीत.

म्हणून पहिल्या पगारापासून त्यांनी पैसा एका जागी ठेवला नाही. थोडा पोस्टात, थोडा सोन्याच्या रोख्यांत, थोडा इथल्या शेअरांत. पुढे फंडांतून पार अमेरिका, जपानपर्यंत. बाजार कितीदा कोसळला, पण या हट्टी माणसाने एक रुपया हलवला नाही. प्रत्येक अर्जावर नॉमिनी म्हणून बायकोचं नाव. "माझं नाव लिहून हात दुखत नाही का हो?" कनका हसून विचारायची.

ती जाऊन चौदा महिने झाले. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या फ्लॅटवर मात्र एकवीस ठिकाणांहून पत्रं येतात आणि प्रत्येकाच्या तळाशी कनका असते.

परवा मुलगी, वाणी, नाव बदलायचे अर्ज घेऊन आली. "अप्पा, एकवीस सह्या फक्त. करून टाका."

पहिल्याच अर्जावर वेंकोबांचा हात थबकला. जगभर पांगवलेलं सगळं एकाच नावावर ठेवलं होतं की! त्यांनी पेन मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, गंध लावून, दारात खुर्ची टाकून ते पोस्टमनची वाट बघत बसले.