ज्याची गाय, त्याचाच हात

मोर्चात पोलिसांना, कचेरीत साहेबांना आणि सभेत पुढाऱ्यांना न जुमानणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण उठल्यापासून निजेपर्यंत कुणालाच जुमानत नाही असं माणूस एकच पाहिलं, आणि ते म्हणजे माझ्या ताईची सासू. मी पेणला पत्रकं लिहितो, वाटतो, भिंतींना चिकटवतो. 'गुरं पाळून मिळतं काय?' असं चहा ढोसत विचारणाऱ्या शहाण्यांवर मी एक जळजळीत पत्रक काढलं होतं. ते तिला वाचून दाखवायला मोठ्या ऐटीत रोह्याजवळच्या त्यांच्या गावी गेलो. तिने शेण भरता भरता सगळं ऐकलं आणि विचारलं, "यात आमच्या हरणीचं नाव कुठं हाय?" नव्हतं. "मग कुणाच्या गुरांचं लिवलंस? छापखान्याच्या?" त्या पत्रकाच्या उरलेल्या प्रतींवर ताईने पुढे पापड वाळवले. हे लिहितोय ते त्याची भरपाई म्हणून.

त्या घरात दुभती जनावरं चार आणि माणसंही चार: म्हातारी, तिचा मोठा मुलगा, धाकटा मुलगा म्हणजे माझे भावोजी, आणि ताई. म्हातारीचा कायदा असा, की ज्याची गाय त्यानेच पिळायची. दुसऱ्या कुणी कासेला हात लावायचा नाही. लग्न होऊन ताई आली तेव्हा देवापुढे नेण्याआधी तिला गोठ्यात नेलं आणि एका कालवडीचं दावं हातात दिलं. "ही चांदी तुझी गो. रुसलीस तर हिला सांग, मला नको." पुढे चांदी व्याली, दुभती झाली, आणि ताई खरंच रुसून माहेरी पेणला आली. दुसऱ्याच सकाळी दारात भावोजी नव्हे, सासू उभी! "तुझ्यावाचून आमचं कायबी अडत नाय. पण चांदी पान्हा सोडत नाय, कास दगड झालीय. तिच्यासाठी चल." ताई अर्धी वेणी तशीच ठेवून एसटीत बसली. आता सांगा, शहाण्यांनो, असा समेट घडवणारं एखादं खातं सरकारकडे आहे का?

मग दोन्ही मुलं कंपनीत लागली आणि शिफ्ट नेमकी धारेच्या वेळेला येऊ लागली. दुसऱ्या कुणी कायदा बदलला असता. हिने कपडे बदलले. मोठ्याची पहिली शिफ्ट असली की त्याचा न धुतलेला, कंपनीचा बिल्ला लावलेला शर्ट लुगड्यावर चढवायचा, त्याच्यासारखं दोनदा खाकरायचं आणि त्याच्या हरणीखाली बसायचं. हरणी वास घ्यायची, जरा विचार करायची आणि पान्हा सोडायची. शेजारीण कुंपणावरून ओरडायची, "काय गो, शिफ्ट लागली काय?" ही मान न वळवता म्हणायची, "व्हय तर! तुझा नवरा रिकामा असंल तर धाड, शेणाला माणूस कमी हाय."

पण मोठ्याच्या डोक्यात रोह्याचा फ्लॅट शिरला होता. गोठा मोडायचा, गुरं विकायची, सगळ्यांनी तिकडे जायचं. "पिशवीचं दूध मिळतं आई, कशाला या खस्ता?" एक दिवस त्याने व्यापारी आणलाच. मी तिथेच होतो. मी लगेच उभा राहून बोलायला सुरुवात केली, तेव्हा म्हातारी म्हणाली, "तू बस. इथं माईक नाय." आणि व्यापाऱ्याला म्हणाली, "हरणीपासून सुरुवात करा. आधी पिळून बघा, मागनं मारकी म्हणून परत नको आणायला." व्यापारी बसला. हरणीने भांडं उडवलं, त्यामागोमाग व्यापारीही उडाला. म्हातारी मुलाकडे वळली. "तिला तुझ्या शर्टाची ओळख हाय. गाय देतोस तर शर्टबी दे. काढ."

तोही तिचाच मुलगा. रागाने त्याने वरचं बटण काढलं, दुसरं काढलं. तेवढ्यात हरणीने मान लांबवली आणि त्याची बाही चाटायला लागली. तो तसाच उभा राहिला. मग एकेक बटण परत लावत व्यापाऱ्याला म्हणाला, "आज नाय." त्या 'आज नाय'ला बरीच वर्षं झाली. माझ्या इतक्या भाषणांनी एकदाही एवढं काम केलेलं नाही, हे मी लेखी कबूल करतो.

गेल्या वर्षी म्हातारी गोठ्यात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बोटं मिटत नाहीत. तिच्या वाट्याची भुरी म्हैस आता जाणार, असं सगळे धरून चालले होते. म्हैस तर तिच्याखेरीज कुणाला जवळही येऊ देत नव्हती. भेटायला म्हणून गेलो, त्या सकाळी गोठ्याबाहेर दोन बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. आत डोकावलो. मोठा मुलगा, मिशा-बिशांसकट, आईचं विटकं हिरवं लुगडं डोक्यावरून घेऊन भुरीखाली बसला होता. "हसा!" तो खेकसला. "हसून झालं की शेण काढा!"

ओटीवर म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मिटेनात ती बोटं मांडीवर उघडी पडलेली. मी काहीतरी मोठं, पत्रकातलं बोलणार होतो. तिने डाव्या हाताने गप्प केलं. आतून भांड्यात धारेचा आवाज येत होता, अडखळत, थांबत.

"बारीक पडतेय," ती म्हणाली.

मग बराच वेळ ऐकून, अगदी हळू, "पण पडतेय."