शेवटचं पान आणि तळघराची किल्ली

दर रविवारी आमच्या वरच्या मजल्यावरच्या किल्लेदारांना वेढा पडत असे. जर्मनीत त्या दिवशी दुकानं बंद. म्हणून शनिवारी ते सायकलला तांदळाची पोती लटकवून येत आणि जिन्यात मला दरडावत, "रसद भरलीत का? उद्या गनीम दारात."

मूळचे साताऱ्याचे, एर्लांगेनमध्ये वैद्यकीय यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहीत. त्यांच्या क्रोएशियन न्हाव्यानं त्यांना एक जुनं काव्य दिलं. मूठभर माणसं तुर्की फौजेपुढे किल्ला लढवतात. शेवटी सरदार रेशमी वस्त्रं चढवतो, किल्ल्या जवळ घेतो, दार उघडून बाहेर पडतो आणि मरतो. किल्लेदार त्यासाठी ती भाषा शिकले, सगळं मराठी ओव्यांत उतरवलं, आणि शेवटच्या पानाशी थांबले. पाच वर्षं.

"अहो, एकच तर पान," मी म्हणायचो.

"तुम्ही नुसते वाचणार. मारायचं मला आहे."

पुण्याचा प्रकाशक थकला. न्हावी मात्र दर महिन्याला कात्री थांबवून विचारी, "अजून जिवंत?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," किल्लेदार म्हणत, आणि दोघं आरशात समाधानानं हसत.

मग घरमालकिणीच्या मुलाला घर हवं झालं. किल्लेदारांनी नियमाप्रमाणे भिंती पांढऱ्या केल्या, ओव्हन घासला. ताबा द्यायच्या सकाळी बाई फॉर्म घेऊन दारात, आणि आतून किल्लेदार लग्नातला रेशमी अंगरखा आणि भरजरी फेटा घालून बाहेर आले. बाईंची भुवईही हलली नाही.

"ओव्हन ठीक. घराच्या किल्ल्या दोन. तळघराची कुठे?"

किल्लेदारांनी अंगरखा चाचपला. मग फेटा सोडला. तो जिन्यावरून खालच्या मजल्यापर्यंत गेला. किल्ली नाही.

"किल्ली नाही तर सही नाही," बाई म्हणाल्या. "आणि सही होईपर्यंत तुम्ही अजून इथेच राहता."

किल्लेदारांचा चेहरा उजळला. "पुन्हा एकदा सांगता?"

आठवड्यानं बाईंनी तळघराचं कुलूप बदललं, सही केली, आणि किल्लेदार हॅनोव्हरला गेले. वर्षभरात पोस्टानं छापील पुस्तक आलं. शेवटच्या पानावर बाहेर तोफा सज्ज आहेत, सरदार रेशमी वस्त्रांत दाराशी उभा आहे, आणि त्याला किल्ली सापडत नाहीये.

त्याच पानात, खुणेच्या जागी, आमच्या तळघराची जुनी किल्ली होती. कुलूप बदललंय, तरी मी ती बाईंना दिलेली नाही. उगाच कुणी दार उघडायचं.