आईच्या ओठावरचा डाग

त्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीतली बोअर आटली आणि टँकर सुरू झाला. लष्कराच्या छावणीच्या पलीकडं, काल-परवापर्यंत जिथं ज्वारी उभी असायची तिथं प्लॉट पडले होते. रस्ते मुरमाचे, घरं अर्धवट बांधलेली. टँकर आला की बायका हंडे घेऊन पळायच्या आणि भर उन्हात रांगेत उभ्या राहायच्या. पाणी भरून आल्यावर आईचं डोकं हमखास ठणकायचं. मग ती किराणा दुकानातून आणलेली गोळी घ्यायची आणि कपाळाला फडकं बांधून पडायची.

एका संध्याकाळी तिच्या खालच्या ओठावर आणि मनगटावर डाग उठले. गोल, जांभळट काळे, कडा आखून काढल्यासारख्या. आग आग होत होती. काही दिवसांनी सूज उतरली, काळपटपणा तेवढा राहिला. मग पुन्हा टँकर आला आणि डाग पुन्हा उठले, अगदी त्याच जागी. सूतभरही सरकले नव्हते. याचीच सगळ्यांना भीती वाटली.

"पुरळ असतं तर कुठंबी उठलं असतं," समोरच्या आजी म्हणाल्या. "एकाच जागी परत परत? ही भानामती हाय."

आमच्या भिंतीला लागून एक मावशी भाड्यानं राहायची. मूळची लासूर स्टेशनची. नवरा वारल्यावर एकटीच शहरात आली होती, ब्लाऊज शिवून पोट भरायची. रांगेत ती आईच्या शेजारी असायची. एकदा टँकरच्या नळीवरून दोघींचं वाजलं आणि त्याच संध्याकाळी आईचा ओठ सुजला. लोकांना तेवढं पुरलं. कुणीतरी आठवण करून दिली की आईच्या अंगातला ब्लाऊजही मावशीनंच शिवलाय. आईनं तो दारापुढं जाळला. मावशी आपल्या उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

मग तिच्याकडं कापड येणं थांबलं. ती गल्लीतून निघाली की बायका लेकरांना आत ओढायच्या. मलाही आई ओढायची, इतकं घट्ट की हात दुखायचा. एका सकाळी रिक्षात शिवणयंत्र घालून मावशी निघून गेली.

डाग मात्र थांबले नाहीत. पावसाळाही कोरडाच गेला, टँकर चालूच राहिले, आणि एकदा आईच्या तोंडात फोड आले. घोटभर पाणी गिळता येईना. तेव्हा वडिलांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मी बरोबर होते. चामडीच्या आजारांच्या डॉक्टरीण बाईंनी डाग उजेडात नीट बघितले.

"कुठलं औषध चालू आहे?"

"काहीच नाय," आई म्हणाली.

"डोकंबिकं दुखल्यावर काय घेता?"

आईनं कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. "ही व्हय? हे काय औषध हाय? ही तर समदेच खातेत."

"सगळ्यांना चालते, तुम्हाला चालत नाही. ही औषधाची अ‍ॅलर्जी आहे. गोळी पोटात गेली की डाग त्याच जागी उठणार. आता ती कधीच घ्यायची नाही. आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात तर हे आधी सांगायचं."

"असं लई जणांना होतं का?" वडिलांनी विचारलं.

"औषध बाधलंय असा पेशंट आला नाही, असा आठवडा जात नाही. मोठी माणसं आपल्या मनानं गोळ्या खातात. लेकरांचं मात्र पुष्कळदा उलटं असतं. अंगावरचं पुरळ तापानंच उठलेलं असतं आणि आईबाप औषधाला नाव ठेवतात. मग ते लेकरू जन्मभर चांगल्या औषधाला मुकतं. आळ घेण्याआधी तपासून घ्यावं."

आईनं ती पट्टी तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. परतताना ती एवढंच म्हणाली, "तिनं काहीच केलं नव्हतं गं."

त्याच आठवड्यात आम्ही दोघी एसटीनं लासूर स्टेशनला गेलो. बाजारपेठेत सामसूम होती. पीकच नव्हतं तर माल कुठला? मावशी भावाकडं राहत होती. मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून डाळ निवडत बसली होती. आईनं सगळं सांगितलं. गोळी, डाग, डॉक्टरीण बाई. मावशीनं मान वर केली नाही.

"खरं असंल तुमचं, वैनी," ती शेवटी म्हणाली. "पर मलाबी तसंच वाटाया लागलं. एवढी माणसं म्हणतेत, तर असंल माझ्या नजरंत काहीतरी. भावाच्या नातवाकडं मी बघतच नाय. त्याला ताप आला, तवा मी जाऊन गोठ्यात बसले."

आईनं तिच्या पायांकडं हात नेला. मावशीनं पाय पोटाशी ओढून घेतले.

"नगं. परत चला म्हणू नका, माफीबी मागू नका. पाणी प्या आन् जावा."

निघताना मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती शेजारी असताना मी दुपारच्या दुपारी तिच्या खोलीत चिंध्यांशी खेळत काढल्या होत्या. तिनं घाईनं पदर डोळ्यांवर ओढला आणि मी बाहेर जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.

आईनं ती गोळी सोडली आणि नवा डाग कधी उठला नाही. ती गल्लीतल्या घराघरांत जाऊन खरं काय ते सांगून आली. काहीजणी हळहळल्या. आजी म्हणाल्या, "डॉक्टरला काय कळतंय त्यातलं?" मावशी पुढं लासूरलाच वारली. आम्हाला ते फार उशिरा कळलं.

आता त्या प्लॉटांवर इमारती झाल्यात, त्यातल्याच एकीत मी राहते. जुनी माणसं पांगली, आईही राहिली नाही. मध्यंतरी आमच्या वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आली. एक दिवस जिन्यात थांबून, आवाज खाली आणून ती मला सांगू लागली, "इथं म्हणे पूर्वी एक बाई होती. तिनं शिवलेला कपडा घातला की अंगावर काळे डाग उठायचे."

मी तिला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. ती बाई माझी मावशी, ते डाग माझ्या आईचे. तिनं मन लावून ऐकलं, "अरे देवा," म्हणाली. मग उठता उठता थांबली.

"पण ताई, काहीतरी असल्याशिवाय लोक बोलतील का?"