तीन पाकिटं, एक डबा

विषय : म्हातारपणी स्नायू वाढवणाऱ्या पावडरीच्या अभ्यासात भाग घेतलेल्या, रामवाडी, पेण येथील तीन इसमांबाबत.
संदर्भ : म्हात्रे मास्तरांचा मोडलेला खुबा.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, तीन इसमांपैकी एक मी, दुसरे माझे शेजारी म्हात्रे मास्तर आणि तिसऱ्या त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या वहिनी. अभ्यास रोह्याच्या एका हॉस्पिटलात चालतो. नाव देत नाही, कारण आमचा माणूस अजून तिथेच ॲडमिट आहे. हॉस्पिटलच्या बाकावर बसलं की किस्से आपोआप साठतात. नंबर लागेपर्यंत करण्यासारखं दुसरं काही नसतंच.

*

पहिल्या दिवशी तिथल्या डॉक्टर मॅडमनी समजावलं. वयामुळे दंड-मांड्यांचं मांस झडतं, त्यावर नवं औषध आलंय, ते पावडरीत मिसळलंय. काहींना खरी पावडर मिळणार, काहींना डमी. कोणाला कुठली, ते त्यांनाही ठाऊक नाही.

"मग ठाऊक कोणाला?" मास्तरांनी विचारलं.

"कॉम्प्युटरला."

मास्तर माझ्या कानाशी आले. "पेपर तपासणाऱ्यालाच उत्तर माहीत नाही. सही करायची का?"

माझं आयुष्य तहसील कचेरीत गेलेलं. मी म्हटलं, ही पद्धत ओळखीची आहे, करा.

*

मग ताकद मोजली. मुठीत एक यंत्र दाबायचं, काटा फिरतो. मास्तरांचा काटा जरासा हलला. माझाही तसाच. वहिनींनी दाबलं आणि मॅडम म्हणाल्या, "परत दाबा." परत तेच. मॅडमनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं.

"त्या हातांनी पापडाचं पीठ कुटलंय," मास्तर म्हणाले. "मी खडू उचललाय."

"आजी, तुम्ही ह्या अभ्यासात कशाला आलात?"

"ह्यांच्यासोबत कोन यायला नको?" वहिनी म्हणाल्या. त्या कासू गावाकडच्या. त्यांच्यापुढे शास्त्राचं फारसं चालत नाही.

*

पावडर सुरू झाली आणि मनात शंकाही सुरू झाल्या. मास्तरांना जिना हलका वाटू लागला, म्हणजे त्यांची खरी. मला नुसती जळजळ, म्हणजे माझी डमी. की उलटं? रोह्याला जाताना गाडी नागोठण्याला पोचली तरी आमचा वाद पेणलाच असायचा.

शेवटी मास्तरांनी निकाल दिला. "वर्गात मी कधी एकाला खाऊ आणि दुसऱ्याला कागद दिला नाही. एकाला ताकद आणि दुसऱ्याला मैदा, हे चालणार नाही."

वहिनींनी तिघांची पाकिटं फोडून एका स्टीलच्या डब्यात ओतली आणि भाजणीसारखी हाताने कालवली. "आता ज्याला त्याला सारखं. भावजी, चमचा मात्र सपाट घ्यायचा."

पुढच्या तपासणीला मॅडमनी रिकामी पाकिटं मोजली. एकही कमी नव्हतं. म्हणाल्या, "तुमच्याइतके शिस्तीचे पेशंट माझ्याकडे नाहीत."

*

मग मास्तर मोरीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. अभ्यास जिथे, तिथेच नेलं. सिस्टरने त्यांच्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला. त्यावर लिहिलं होतं, 'पडण्याचा धोका'.

"पडल्यावर बांधला," मास्तर म्हणाले.

दर गोळीला सिस्टर आधी नाव विचारायची. मास्तर वैतागले. "सिस्टर, सकाळपासून माझं नाव बदललेलं नाही."

"बाबा, पलीकडच्या खाटेवर पन म्हात्रेच हायेत. त्यांना साखरेचं इंजेक्शन हाय. देऊ तुम्हाला?"

मास्तरांनी वडिलांच्या नावासकट संपूर्ण नाव सांगितलं. मग गावही सांगितलं.

*

ऑपरेशन ठरलं आणि अडलं. ईसीजीच्या पट्टीत ठोके चुकलेले दिसले. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "ह्यांच्या पोटात ते औषध असेल तर ठोके त्याने चुकत असतील. ते उतरलं की इथेच ऑपरेशन करू. औषध नसेल तर दुखणं हृदयाचंच, मग मुंबईला हलवा. पण लवकर सांगा. ह्या वयात पडून राहिले तर छाती भरते." मुंबईला हलवायचं म्हणजे मोडलेल्या खुब्यानिशी आमच्या हायवेने. त्या रस्त्यावर धडधाकट माणसाचाही खुबा हलतो.

रुग्ण संकटात असेल तर कॉम्प्युटर त्याचं उत्तर लगेच देतो. मॅडम लगबगीने आल्या. "मास्तर, तुमची पाकिटं डमी होती. औषध पोटात गेलेलंच नाही. ॲम्ब्युलन्स सांगते."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पिवळ्या पट्ट्याकडे पाहिलं.

"मॅडम," वहिनी म्हणाल्या, "डबा एकच होता."

मॅडम स्टुलावर बसल्या.

आता वहिनींची आणि माझी पाकिटं कुठली होती, ते कळायला हवं. दोघांपैकी एकाचीही खरी असेल, तर ती मास्तरांच्या पोटात गेली. पण धडधाकट माणसाचं उत्तर उघडायला समितीची परवानगी लागते. अर्ज मीच लिहिला. भाषेत एकही चूक नाही. खाली आम्हा दोघांच्या सह्या. उत्तर आलं : 'अर्जदारांची प्रकृती उत्तम असल्याने त्यांच्या बाबतीत तातडी दिसून येत नाही. अर्ज समितीच्या पुढील बैठकीत ठेवण्यात येईल.'

वहिनींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग सिस्टरला विचारलं, "गो बाय, आमच्यातला एक कोन पडला, तर लगेच उघडतील ना?"

सिस्टर म्हणाली, "आजी, असं नाय बोलायचं."

तेव्हापासून मी सारखी माझी नाडी बघतो. नीट चालते.

मास्तर खाटेवर आहेत. अर्ज प्रलंबित आहे.