सरण रचल्याचा गुन्हा

"रेकॉर्डवरचे तिकडं. भिंतीला."

ठाण्यातल्या हवालदारानं मान वर न करता सांगितलं. मला वाटलं, माझ्या मागं कुणी उभा असेल. वळून बघितलं. मागं नुसतं दार होतं. दारात मी एकटाच.

अंगात इस्त्रीचा शर्ट होता. बुटांना सकाळी पॉलिश मारलं होतं. फाईलमध्ये फौजेचं डिस्चार्ज बुक, त्यावर मोठ्या अक्षरात चांगली वर्तणूक म्हणून शेरा.

मी म्हणालो, "साहेब, रिव्हॉल्व्हरच्या परवान्याच्या चौकशीला आलोय. तुमीच बोलावलंय."

"म्हाईत हाय. अटक झालीय न्हवं तुला? मग तिकडं."

भिंतीला दोघे उभे होते. एकानं कुणाच्या तरी विहिरीवरची केबल कापून नेलेली. दुसरा दारूच्या नशेत बायकोला मारून आलेला, त्याच्या अंगाला अजून वास येत होता. दोघांनी सरकून मला जागा करून दिली. आणि मी जाऊन उभा राहिलो.

हे मला अजून सलतं. सतरा वर्षं फौजेत काढली. हुकूम आला की पाय आधी हलतात, डोकं मागनं येतं. टाचा जुळवून, छाती पुढं काढून उभा राहिलो. चोराच्या शेजारी.

बऱ्याच वेळानं ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी आत घेतलं. वय माझ्यापेक्षा पुष्कळ कमी. बस म्हणाले नाहीत.

"रिव्हॉल्व्हर कशाला पाहिजे?"

"नोकरीला, साहेब. सांगलीला."

"आणि ही केस?"

"निर्दोष सुटलोय. निकालाची नक्कल जोडलीय."

"सुटलास ते कोर्टाचं. अटक झाली ते आमचं. आमच्याकडं खोडरबर नसतंय."

हवालदार हसला. साहेबही हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "तुमच्या लोकांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर लावायची आणि गावानं झोपायचं कसं?"

तुमच्या लोकांच्या. बर्फात रात्ररात्र पहारा केला, तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं की तुमच्या लोकांच्या हातात रायफल आहे, आता देशानं झोपायचं कसं. हे मला तिथं सुचलं नाही. घरी येताना एसटीत सुचलं. तिथं मी एवढंच म्हणालो, "व्हय साहेब."

नोकरी चांगली होती. सांगलीच्या हळद-गुळाच्या व्यापाऱ्यांना सोबतीला माणसं देणारी एक एजन्सी आहे. पैसा घेऊन व्यापारी हिंडतो, तेव्हा एक माणूस त्याच्या बरोबर. बंदूक खांद्यावर दिसायला नको, रिव्हॉल्व्हर कमरेला, शर्टाच्या आत. माजी सैनिक पाहिजे आणि परवाना स्वतःचा पाहिजे. एजन्सीच्या मालकानं मला बघितलं, चार प्रश्न विचारले आणि म्हणाला, "परवाना आणा, दुसऱ्या दिवशी कामावर या." माझी मुलगी सांगलीतच नर्सिंगला आहे. मी तिला फोन करून सांगूनसुद्धा टाकलं होतं, की मी येतोय.

आता ती अटक.

आमचं गाव रहिमतपूरच्या बाजूला. ऊस, आलं, थोडी हळद. गावाला सरकारी पैशातनं बांधलेली स्मशानभूमी आहे. वर पत्र्याचं शेड, खाली लोखंडी जाळी, बाजूला पाण्याचा नळ. आमच्या वस्तीची मयत तिथं जात नाही. आमची जागा ओढ्याच्या पलीकडं, उसाच्या बांधाला. पत्रा नाही, नळ नाही, वाट नाही. कुठंही लिहिलेलं नाही की तुम्ही तिकडंच जळायचं. पण सगळ्यांना माहीत आहे.

मी पेन्शनीत आलो, त्याच साली आई गेली. आदल्या दिवशी शेजारच्या उसाला पाटाचं पाणी सोडलं होतं. ते फुटून आमच्या जागेत शिरलं होतं. घोट्याएवढा चिखल. तिथं सरण रचलं असतं तर खालची लाकडं पेटलीच नसती. आई अर्धी जळाली असती.

मी म्हणालो, "गावाच्या शेडात न्यायची."

कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. मी पुढं खांदा दिला आणि चालायला लागलो. मग बाकीचे आले.

शेडाच्या तोंडाला आबांचा पुतण्या चार पोरं घेऊन आडवा उभा होता. आबा म्हणजे आमच्या गावचे पुढारी. सरपंच कुणीही होवो, शब्द आबांचा. पुतण्या म्हणाला, "हितं न्हाई. तुमची जागा तिकडं."

मी म्हणालो, "तिकडं पाणी हाय. आई हाय रं माझी."

त्यानं तिरडीला हात घातला. तिरडी कलली. आईचा एक पाय चादरीतनं बाहेर आला. मी एका हातानं तिरडी धरली, दुसऱ्या हातानं त्याला ढकललं. एवढंच. तो मागं पडला, नळाच्या कट्ट्याला कोपर लागून रक्त आलं. तेवढ्यात आमच्या पोरांनी सरण रचलं. मी अग्नी दिला.

आंघोळ करून घरी आलो. अंगावरचं ओलं धोतर बदललं नव्हतं. जीप आली. जमाव जमवला, दंगा केला, मारहाण केली. जीपमध्ये बसताना मी विचारलं, "उद्या-परवा राख सावडायची हाय, तेवढं झाल्यावर येऊ का?" तेव्हा कुणी हसलं नाही. ड्रायव्हरनं जीप चालू केली.

राख सावडायला मी नव्हतो. मी कोठडीत होतो. आमच्यात सावडायला बाया जात नाहीत. माझी बायको गेली. तिनं हातानं आईची हाडं वेचली.

कोर्टात केस वर्षानुवर्षं चालली. तारखेला जायचं, बसायचं, परत यायचं. शेवटी पुतण्याचे साक्षीदारच फिरले. निर्दोष. वकील म्हणाला, "सुटलात, आता विसरा." मीही विसरलो होतो.

विसरले नव्हते ते दुसरे.

परवान्याला नकाराचा कागद आला. अर्जदारास पूर्वी अटक झालेली असून त्याच्याकडे शस्त्र असल्यास सार्वजनिक शांततेस बाधा येण्याची शक्यता नाकारता येत नाही. मी तो तीन-चार वेळा वाचला. आईचं नाव त्यात कुठंच नव्हतं. पाण्याचं नव्हतं. कललेल्या तिरडीचं नव्हतं. निर्दोष हा शब्दही नव्हता. फक्त अटक.

सांगलीच्या मालकाला फोन केला. तो भला माणूस. म्हणाला, "मी काय करू शकतो, सांगा?" मी फोन ठेवला.

मग एक दिवस आबांचा माणूस आला. "आबांनी बोलावलंय."

आबांच्या बंगल्यापुढं खुर्च्या मांडलेल्या. तीन-चार जण बसलेले. मला कुणी खुर्ची दिली नाही, मी पायरीवर टेकलो. त्यांना कपबशीत चहा, मला कागदी कपात. आबांच्या पुढ्यात टेबलावर मोबाईल, आणि मोबाईलशेजारी चामड्याच्या म्यानात रिव्हॉल्व्हर. ती सगळ्या गावाला माहीत आहे. नातवाच्या बारशाला त्यांनी तिचेच बार हवेत काढले होते. कारखान्याच्या निवडणुकीत डोकी फुटली, तेव्हा त्यांनाही अटक झाली होती. ती केस अजून चालू आहे. परवान्याचं नूतनीकरण मात्र वेळच्या वेळी होतं.

आबा म्हणाले, "तुझा परवाना नाकारला म्हणं."

"व्हय, आबा."

"मला इचारायचं न्हाईस व्हय? येडं का खुळं तू? अरं, केस कुणावर न्हाई? माझ्यावर न्हाई का? केसला कोण बघतंय. माणूस कुणाचा हाय, ते बघत्यात."

बाकीचे हसले. आबा पुढं वाकले. आवाज मऊ झाला.

"सांगलीला कशाला जातूस? माझ्या संगं ऱ्हा. मला फौजीच माणूस पायजे मागं उभा. परवाना मी काढून देतो, पुन्यांदा अर्ज कर. फकस्त एक कागूद लिवून दे. त्या टायमाला माझी चूक झाली, आमची जागा वड्यापलीकडंच हाय, असा. गावात तंटा नको म्हणून. बाकी काय न्हाई."

मी म्हणालो, "घरात इचारून सांगतो."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवले नाहीत.

"लिवा की."

"काय लिवू? आईला तिथं जाळलं ते चुकलं म्हणून?"

"हाडं मी सावडली. मी म्हंतीय लिवा. मेलेल्या आत्ती काय वाचाय येणार हायती का? पोरीचं शिक्षाण हाय. कागूद हाय त्यो, कागदाला काय हुतंय?"

तिच्यापुढं बोलायचा मला हक्क नव्हता. हाडं वेचताना ती एकटी होती. सगळी रात्र मी तो कागद मनात लिहून बघितला. पहिलं वाक्य यायचं. दुसऱ्या वाक्याला कललेली तिरडी दिसायची.

सकाळी गेलो. टेबलावर कोरा कागद आणि पेन तयार होतं.

मी उभाच राहिलो. म्हणालो, "आबा, आईला जाळलं त्यात माझं काय चुकलं, तेवढं तुमी सांगा. मग मी लिवतो."

आबांनी मोबाईल उचलला, परत ठेवला.

"लय बोलाय लागलास."

"मग न्हाई लिवत."

"नोकरी बुडंल."

"बुडलीयच."

"पुन्यांदा माझ्या दारात यिऊ नगंस."

मी वळलो आणि चालायला लागलो. फार मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही. घरी जाऊन हिला काय सांगायचं?

ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. मी साताऱ्याला एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर आहे. हातात काठी. येणाऱ्या गाड्यांच्या डिक्क्या उघडून बघतो. पुण्याला वरच्या साहेबांकडं परवान्याचं अपील केलंय. तारीख पडते, पुढं जाते. अपिलाचा निकाल काय लागणार, हे मला माहीत आहे, वकिलालाही माहीत आहे.

गेल्या महिन्यात वस्तीतला एक म्हातारा गेला. सुट्टी घेऊन गावी गेलो. तिरडी बांधून तयार होती, आणि माणसं ओढ्याकडं तोंड करून उभी होती. मी विचारलं, "तिकडं का? शेड मोकळं हाय की."

म्हाताऱ्याचा थोरला लेक म्हणाला, "दादा, आमच्या पोराची पोलीस भरती हाय. तुझं काय झालं ते बघितलं न्हवं आमी? एकदा नाव लागलं की संपलं."

तेव्हा मला कळलं. माझी रिव्हॉल्व्हर गेली, हे काहीच नव्हतं. माझ्यावरची ती एक अटक अख्ख्या वस्तीला ओढ्याच्या पलीकडं ढकलत होती. कुणी अडवायला यायचीही गरज उरली नव्हती. माणसं आपणहून चिखलाकडं निघाली होती. मला नाकारून त्यांनी सगळ्यांना नाकारलं होतं.

मी म्हणालो, "पोरं मागं ऱ्हाऊ द्या. ज्यांची भरती हाय, नोकरी हाय, त्यांनी घरी बसा. माझं नाव लागलंयच. म्होरं मी चालतो."

थोरला लेक बाजूला सरला. मग म्हाताऱ्याच्या वयाचे तिघे पुढं आले. त्यांची कसलीच भरती राहिली नव्हती. आम्ही चौघांनी खांदा दिला.

शेडापाशी जीप उभी होती. कुणीतरी आधीच कळवलं होतं. नवाच हवालदार, मला ओळखत नव्हता. वही काढून म्हणाला, "म्होरं कोण हाय? नाव सांग."

मी नाव सांगितलं. पूर्ण. बापाच्या नावासकट, गावासकट. "आणि हेबी लिवा," म्हणालो, "ह्येच्या आदी एक अटक झालीय. आईला हितंच जाळलं म्हणून."

त्यानं लिहिलं की नाही, मी बघितलं नाही. आम्ही तिरडी खाली ठेवली आणि लाकडं रचायला घेतली.

अपिलाच्या तारखेला मला विचारतील, पुन्हा असं करणार नाही ना? मी सांगणार आहे, करणार. आमच्यातलं जे माणूस मरेल, त्याला मी तिथंच नेणार. परवाना द्या नाहीतर देऊ नका.