पाणी आलं की टीव्ही जातो

आईचा टीव्ही मधूनच काळा पडतो आणि परत येतो, ही तक्रार पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही हसलो होतो. फोनवर मी होते, पुण्याहून माझा धाकटा भाऊ होता आणि सिडकोतल्या तिच्या घरातून आई बोलत होती.

"डोळा मारतोय मेला मला," ती म्हणाली.

"आई, बाबांना जाऊन वर्ष नाही झालं, जरा दमानं घे," भाऊ म्हणाला.

आई खळखळून हसली. बाबा गेल्यानंतर तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं, त्यामुळे टीव्हीचं काय झालं हे विचारायचंच राहून गेलं.

पुढच्या काही आठवड्यांत ती तक्रार गमतीची राहिली नाही. मधल्या काळात आई गॅसवर दूध ठेवून शेजारी गेली होती आणि पातेलं पार जळून गेलं होतं. एकदा तिनं एकाच सकाळी मला दोनदा फोन करून तीच गोष्ट सांगितली होती. या दोन्ही गोष्टी मीच भावाला कळवल्या होत्या. त्यामुळे टीव्हीचा विषय परत निघाला तेव्हा त्यानं मला वेगळा फोन केला.

"ताई, स्क्रीन खरंच जातो का? का तिला भास होतात?"

"बघते मी."

"बघ. नाहीतर सरळ इकडं आणू. खोली आहेच."

म्हणजे प्रश्न टीव्हीचा राहिला नव्हता. आईनं तिच्या घरात एकटं राहायचं की पुण्याला भावाच्या उंच मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचं, हे ठरायचं होतं. तिला जायचं नव्हतं. ती हे भांडून सांगत नव्हती, पण पुण्याचा विषय निघाला की उठून आत जायची आणि उगाच भांडी लावत बसायची.

मी चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. मशीन बंद पडलं की तिथं कुणाची चूक यावर चर्चा करत बसायचं नसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून बघायचं, मग पुढची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की दुरुस्ती झाली तरी कशानं झाली ते कळत नाही. रविवारी मी याच शिस्तीत आईकडे गेले. पिशवीत एक जास्तीची केबल, ॲडाप्टर, टॉर्च. मोबाईलमध्ये काय काय तपासायचं त्याची यादी.

मांडणी अशी होती. टीव्ही हॉलच्या भिंतीवर. इंटरनेटवरून मालिका दाखवणारी छोटी डबी मात्र दाराजवळच्या फळीवर, राउटरच्या शेजारी, कारण रिकामा प्लग तिथंच होता. दोघांच्या मध्ये लांबलचक केबल. डबी बसवताना आईची एकच अट होती, वायर लोंबायला नको. "आल्यागेल्याला दिसतं ते." म्हणून बसवणाऱ्यानं ती केबल भिंतीच्या तळाशी आधीच असलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीत कोंबून झाकून टाकली होती. कामात सफाई होती. मलाही ते तेव्हा आवडलं होतं.

मी केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवली. चालू करून बघितलं. मग टीव्हीच्या मागं केबल दुसऱ्या खाचेत लावली. मग ॲडाप्टर बदलला. मग सेटिंगमध्ये जाऊन चित्राची प्रत एक पायरी खाली आणली. दर वेळी आईच्या मालिकेचा मोठा तुकडा नीट बसून बघितला. मालिकेतली सासू शांतपणे कट करत राहिली, स्क्रीन एकदाही गेला नाही. आई माझ्या शेजारी, परीक्षेला बसल्यासारखी, हात मांडीत घेऊन बसली होती.

"आता नाही व्हायचं," ती शेवटी म्हणाली.

"मग कधी होतं?"

"पाणी आलं की."

मी तिच्याकडं बघितलं. भावाला मी फोनवर घेतलं होतं, स्पीकर चालू होता.

"नळाला पाणी आलं की टीव्ही जातो," आई म्हणाली. आभाळ आलं की अंधारतं, इतक्या सहज.

"आई, नळाचा आणि टीव्हीचा काय संबंध?" भावानं विचारलं. आवाज मऊ होता. लहान मुलाशी बोलताना काढतात तसा.

"मला काय ठाऊक? मी बघितलं ते सांगितलं."

आईनं आधी फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि उठून चहा टाकायला गेली. संध्याकाळी भावाचा निरोप आला: पुण्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतो आहे, तोवर आईला काही बोलू नकोस. मी "बरं" लिहिलं.

खरं सांगायचं तर मलाही तिचं वाक्य पोकळच वाटलं होतं. ते पटलं कामावर, तेही अचानक. स्टोअरच्या भिंतीपलीकडे कारखान्याचा मोठा कॉम्प्रेसर आहे. तो सुरू होताना माझ्या टेबलाजवळच्या वजनकाट्याचे आकडे थरथरतात. हे आम्हा सगळ्यांना इतकं अंगवळणी पडलं आहे की कुणी त्याकडं बघतही नाही. आकडा स्थिर होईपर्यंत बोल्टची पेटी काट्यावर तशीच ठेवून उभं राहायचं. त्या दिवशी मी तशीच उभी होते आणि आकड्याकडं बघताना मला आईच्या हॉलमधलं दार दिसलं. दाराशेजारचं बटण दिसलं. पाण्याच्या मोटरचं.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. मधे कितीतरी दिवस जातात, आणि येतं त्या दिवशीही वेळ हललेली असते. पाणी आलं की अख्खी गल्ली हातातलं काम टाकून मोटरी लावते. आईकडे अंगणातल्या नळापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत मोटरनं पाणी चढतं. मी जाणार सुट्टीच्या दिवशी, आणि तिच्या गल्लीचं पाणी गेले कित्येक दिवस रविवारी आलंच नव्हतं. मी सगळ्या चाचण्या मोटर बंद असताना घेतल्या होत्या.

पाण्याचा दिवस आईला विचारला. "का गं?" म्हणाली. "येते त्या दिवशी," एवढंच सांगितलं. अर्धी सुट्टी टाकली. जाताना शहागंजच्या बाजारातून एक जाड आणि आखूड केबल घेतली, जोडीला चांगला एक्स्टेन्शन बोर्ड.

दुपार सरत आली तरी पाणी नव्हतं. आम्ही मालिका लावून बसलो. आई माझ्याशी जपून बोलत होती. मग शेजारच्या बाईंची हाक भिंतीवरून आली, "आपा, पानी आया! मोटर लगाओ जल्दी!" आणि आई जी उठली, ती बघण्यासारखी होती. पाइप, पिंप, बादल्या, सगळं जिथल्या तिथं. मला बाजूला सारत तिनं दाराजवळचं बटण दाबलं.

टीव्ही काळा झाला. आला. परत काळा झाला, जरा जास्त वेळ, आवाजासकट.

मी बटण बंद केलं. चित्र स्थिर. चालू केलं. गेलं.

"अगं पाणी जाईल ना! खेळ काय लावलास?" आई ओरडली. मग तिचंही लक्ष टीव्हीकडं गेलं. हातातला पाइप तसाच अंगणात सांडत राहिला.

"दिसलं तुला?" तिनं विचारलं.

"दिसलं."

"तुला बी दिसलं ना?"

"हो आई. मलाही दिसलं."

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. बराच वेळ.

पट्टी उघडली तेव्हा कारण समोरच होतं. मोटरची जाड वायर त्याच पट्टीतून जात होती आणि टीव्हीची केबल पूर्ण भिंतभर तिला चिकटून होती. मोटरनं घेतलेला झटका दर वेळी केबलमधून जाणाऱ्या चित्रात मिसळत होता. मी लांब केबल ओढून काढली. डबी टीव्हीच्या मागं नेली, आखूड केबल लावली, दुसऱ्या भिंतीच्या प्लगवरून बोर्ड ओढला. मोटर चालूच होती. चित्र ढिम्म हललं नाही.

"वायर लोंबतेय," आई म्हणाली.

"लोंबू दे."

"बरं. लोंबू दे."

पाणी भरून झाल्यावर आम्ही पाइप गुंडाळत होतो. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं. ती हलकी झाल्यासारखी दिसत होती. मधेच थांबून म्हणाली, "एक सांगू? रागवू नको."

"सांग."

"मी पडले होते मागं. बाथरूममध्ये."

"कधी?"

"झाले बरेच दिवस. उठताच येईना. खाली बसूनच राहिले. मग नळाला धरून उठले हळूहळू."

"आणि सांगितलं नाहीस?"

"टीव्हीचं सांगितलं तर डोक्याचा डॉक्टर काढला तुम्ही." तिला ते कळलं होतं तर. भावाची बायको तिच्याशी फोनवर बोलता बोलता सांगून गेली होती. "पडल्याचं सांगितलं असतं तर सामानाला ट्रकच पाठवला असता."

मला हसू आलं, आणि लगेच गेलं. आईनं पाइपचं वेटोळं जमिनीवर ठेवलं. "मी आता काही बी बोलायच्या आधी बघते," ती म्हणाली, "हे सांगितलं तर तुम्ही दोघं एकमेकांकडं कसं बघाल."

केबल बदलता येते. ती किती दिवस काय काय गिळून बसली होती, ते मला कोणत्या पट्टीत शोधायचं हे कळेना. गुडघा, गोळ्या, चक्कर? विचारलं तरी खरं सांगेल का, याचीही खात्री राहिली नव्हती. आणि न सांगण्याचं कारण आम्हीच पुरवलं होतं.

तेवढ्यात भावाचा फोन आला. मी उचलला, टीव्हीचं झालं ते थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आई बरोबर होती." आणि पाठोपाठ, "बाकी सगळं ठीक ना?"

आई माझ्याकडं बघत होती. मी हो म्हटलं असतं तर ती एक सोय झाली असती. नाही म्हटलं असतं तर चुगली. "आई इथंच आहे, तिलाच विचार," म्हणून मी फोन तिच्या हातात दिला आणि जुनी केबल गुंडाळू लागले.

ती आधी टीव्हीबद्दल बोलली, चांगली ठसक्यात. "नळानंच जात होता. तुझ्या बहिणीनं डोळ्यानं बघितलं." मग थांबली. मी मान वर केली नाही.

"पडले होते मागं बाथरूममध्ये," ती म्हणाली. "नाय, फार लागलं नाय. उठले माझी मी." मग, "ताईला कशाला देऊ फोन? मी बोलतेय ना. माझ्याशी बोल."

तो बराच वेळ बोलत होता. आई नुसती "हं, हं" करत होती. फोन ठेवून तिनं तो माझ्यापुढं सरकवला.

"शनिवारी येतोय."

"चिडला का?"

"नाय गं. लई गोड बोलला." तिनं लोंबणाऱ्या वायरकडं बघितलं, पण ती तिला दिसली असेल असं मला वाटलं नाही. "म्हणून तर भीती वाटायली."