काठावरचा गाळ

केळशीच्या माझ्या पोफळीच्या बागेत पाट साफ करायला तो एकदाच आला. नेहमीचा गडी आजारी, म्हणून हा बदली. पन्नाशीकडे झुकलेला, कमरेला कोयती, आणि एकदा वाकला की बराच वेळ वर न येणारा.

काढलेला गाळ तो लांब फेकत नव्हता. पाण्याच्या कडेलाच उतरता रचत होता. मी वैतागलो. "अहो, बांधापलीकडे टाका की! पुन्हा पाण्यात जाईल सगळं."

"जरा दम धरा, गुरुजी. आतली जित्राबं पाण्यात जाऊंदेत, मंग फेकतो."

त्याने चिखलातून एक मातकट, काडीसारखा किडा बोटावर घेतला. त्याच्या शेपटाला तीन पिसं होती. मग गवताच्या पात्याला चिकटलेली पोकळ कात दाखवली, आणि वरच्या टोकाला पंख मिटून बसलेली टाचणी, चतुरासारखीच पण सुईएवढी बारीक. निळं अंग, शेंदरी तोंड. "ही बी अशीच व्हती."

कीटकांचं जीवनचक्र मी फळ्यावर कितीदा काढलं असेल! आणि दरवर्षी हाच गाळ उन्हात फेकायला लावून, टाचण्या का कमी झाल्या म्हणून हळहळत होतो.

"पंख फुटल्यावर सगळीच वळखतात वो," तो हसून म्हणाला आणि बोट अलगद पाण्यात बुडवलं.

संध्याकाळी तो गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

केळशीत मी निवृत्तीनंतर आलो. इथे मला सगळे काका म्हणतात; तो मात्र गुरुजी म्हणाला होता. गुरुजी म्हणणारी पोरं खेडला, माझ्या वर्गात होती.